जिनिंगातली पेटी

हिंगोली, ता. ५ डिसेंबर १९३६

गं. भा. अक्का हीस उकंडरावाचा साष्टांग नमस्कार.

पोळ्यानंतर तुला माझं पत्र नाही, याची क्षमा कर. हंगाम सुरू झाला, वेळ मिळाला नाही, असं लिहिणार होतो. पण हंगाम दरवर्षीच सुरू होतो, आणि दरवर्षी दसऱ्याला मी तुला पाकिटात आपट्याचं पान घालून पाठवतो. यंदा तेही पाठवलं नाही. खरं कारण असं, की जे लिहायचं होतं त्याची लाज वाटत होती. रोजनिशीत लिहून पाहिलं आणि खोडलं. आता तुलाच सांगतो.

मालकांनी यंदा अकोल्याहून एक असिस्टंट पाठवला. जमील नाव. मूळचा कळमनुरीचा, तिशीतला, मॅट्रिक झालेला. आई रहमतबी आणि बायको बिलकीस यांना घेऊन इथेच बिऱ्हाड केलं आहे. कामाला चोख. त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही, आणि हेच मला सहन होत नाही.

तू जिनिंग चालू असताना आत कधी आली नाहीस. कापसातून सरकी वेगळी करणारे चरखे ओळीने चालतात, खालून शाफ्ट फिरतो, पट्टे फटफटतात. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून चरख्यांवरच्या बाया हातांनी बोलतात. पाणी, पोरगं रडतंय, मुकादम आला, जेवायला चल, सगळं हातांनी. मी इथे बारा वर्षं मॅनेजर आहे, पण ते हात मी कधी वाचले नाहीत. मी आत गेलो की हात थांबतात.

जमील आत गेला की थांबत नाहीत. पंधरवड्यात तो ते बोलणं शिकला. मी वर ऑफिसच्या काचेतून पाहतो. तो ओळीतून चालतो आणि दोन्ही बाजूंनी हात उडत असतात. पंचफुलाबाई म्हणून एक वयस्क बाई आहे, मला पाहिलं की पदर सावरून भिंत होते. ती त्याला काहीतरी सांगते आणि दोघं पोट धरून हसतात. मग तो वर येऊन मला म्हणतो, "साहेब, बायांचं म्हणणं असं आहे की..." अक्का, माझ्याच जिनिंगात माझ्याच माणसांचं म्हणणं मला दुसऱ्याच्या तोंडून कळावं!

म्हणून मी एक पद्धत घातली. मसाजी सुताराकडून एक पेटी करून घेतली. वर फट, पुढे कुलूप, ऑफिसच्या दाराशी टांगली. ज्याची जी तक्रार असेल त्याने ती कागदावर लिहून पेटीत टाकावी. जमीललाही बजावलं, की यापुढे कुणाचा निरोप तोंडी आणायचा नाही. त्यालाही काही द्यायचं-सांगायचं असेल तर पेटी आहे.

पेटी लावून आठवडा झाला. रिकामी आहे. म्हणजे कुणाची तक्रार नाही. मला समाधान वाटायला हवं. तसं ते वाटतं आहे की नाही, हे मात्र मला ठरवता येत नाही.

तुझा
उकंडराव

⁕

वाशीम, ता. १३ डिसेंबर १९३६

चि. उकंडास अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. आपट्याचं पान आलं नाही तेव्हाच मी समजले, की भावाचं काहीतरी बिनसलंय. शाळेत बाकीच्या मास्तरणींना सांगितलं, "माझा भाऊ आजारी असल."

आजारीच आहेस. पण औषध जमीलला कशाला पाजतोस?

तुझ्या जिनिंगात सही करता येणारी माणसं किती रे? आणि त्यांना सांगतोस लिहून टाका. आमच्या गल्लीतल्या गवळणीला मी म्हणाले, की बाई, उद्यापासून दूध कमी पडलं तर मला इंग्रजीत अर्ज कर, तर ती दूध कुणाच्या डोक्यावर ओतील? पेटी रिकामी आहे म्हणजे तक्रार नाही, हे तुला कोणत्या कॉलेजात शिकवलं?

एक गोष्ट स्पष्ट विचारते, रागावू नकोस. तो मुसलमान आहे म्हणून तर तुझं असं होत नाही ना? आपल्या साखरा गावी आबांची मेंढरं आणि इब्राहीमचाचांची मेंढरं एका वाड्यात बसायची. हे मी विसरलेले नाही. तू विसरला नसशील असं धरून चालते.

तसं नसेल तर नाव सांगते. त्याला राग म्हणत नाहीत. त्याला हेवा म्हणतात. आईने मला जास्त भाकरी वाढली की तू ताटावर बसून राहायचास, जेवायचाही नाहीस आणि उठायचाही नाहीस. तेच आहे हे.

जमीलला बोलावून चहा पाज. आणि ती पेटी कोंबड्यांना दे, अंडी तरी घालतील.

तुझी
अक्का

⁕

हिंगोली, ता. २७ डिसेंबर १९३६

गं. भा. अक्का हीस नमस्कार.

तू विचारलंस ते मी स्वतःलाही विचारलं, आणि घाईत उत्तर दिलं नाही. जमीलच्या जागी इथलाच दगडोबा किंवा धनसिंग हमाल असता आणि बाया त्याच्याशी अशा बोलल्या असत्या, तर? तरी मी असाच जळलो असतो. एवढं तपासून सांगतो. या उत्तराने मला फारसं बरं वाटलं नाही, पण ते खरं आहे.

हेवा म्हणालीस. मान्य. पण आता जे चाललं आहे ते ऐक, आणि मग सांग चूक कुणाची.

पेटी भरू लागली आहे. कचऱ्याने! पहिल्या दिवशी कुलूप काढलं तर आत माठाचं खापर. दुसऱ्यांदा चामड्याचा एक काळा, जळका तुकडा. मग मूठभर ओला कापूस, वास मारणारा. मग ज्येष्ठमधाची कांडी. हो, ज्येष्ठमध! आणि परवा कुणाच्यातरी लुगड्याच्या काठाचा फाटका तुकडा, हिरवा, त्यावर तेलाचा काळा डाग. एकही कागद नाही. माझ्या पेटीचा या लोकांनी उकिरडा केला आहे. माझ्या नावाशी ते जुळतंही. लेकरं जगत नव्हती म्हणून आईने मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरूनच हसत असतील.

मी जमीलला बोलावलं. सगळा कचरा टेबलावर मांडला.

"हे काय आहे?"

त्याने एकेक वस्तू पाहिली. काठाच्या तुकड्यावर त्याची नजर जरा थांबली. मग म्हणाला, "साहेब, मला तोंडी काही सांगायची मनाई आहे ना?"

"उद्धटपणा नको."

"न्हाई साहेब, उद्धट न्हाई. हुकूम पाळून राहिलो."

"हे तू शिकवलंस यांना?"

"मी काहून शिकवू? त्यांना येतंच की."

त्यांना येतंच की! उभा राहिला तसाच राहिला. शेवटी मीच म्हटलं, जा. तो दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी बोलणार होता. मी रजिस्टर उघडलं. गेला.

मी त्याला आता चरख्यांच्या ओळीतून काढून बाहेर काट्यावर बसवलं आहे. कापसाच्या गाड्या तोलायचं काम. तिथून त्याला आतलं कुणी दिसणार नाही आणि आतल्यांना तो. आणखीही एक पाऊल उचललं आहे. त्याबद्दल नंतर लिहीन.

उकंडराव

⁕

वाशीम, ता. ४ जानेवारी १९३७

चि. उकंडास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग हसू जिरलं.

बाबा रे, आईला लिहिता येत होतं का? मी सासरी असताना ती निरोप कसा पाठवायची? बांगड्यावाल्या कासाराबरोबर. एकदा जोंधळ्याचं एक कणीस पाठवलं, दाणे न भरलेलं. मी समजले, यंदा पीक गेलं. एकदा आबांच्या पागोट्याची दशी पाठवली. मी त्याच दिवशी निघाले, तेव्हा आबा मला भेटले तरी. तू नागपूरला कॉलेजात होतास. तुला ती लेखनिकाकडून पत्र लिहून घ्यायची, तू पत्राचा माणूस म्हणून. मला वस्तू.

आणि तू तरी काय करतोस? दसऱ्याला पान पाठवतोस त्यावर कधी एक अक्षर लिहिलंस?

तर आता तुझा कचरा वाचते. खापर म्हणजे प्यायच्या पाण्याचा माठ फुटलाय आणि कुणी नवा आणत नाही. जळकं चामडं चरख्यातलंच असणार, कुठलातरी चरखा तापतोय. ओला कापूस म्हणजे कुणी भिजलेला माल गाडीत खाली दडवून आणतोय. हे वाशीमात बसलेल्या मास्तरणीला कळतं.

ज्येष्ठमध चिडवायला कुणी टाकतं का रे? तो पैसे देऊन आणावा लागतो. तुला खोकला झालाय आणि तू मला कळवलं नाहीस. बराबर?

काठाचं सांगते. आपल्याकडे लेकी काठाचा तुकडा माहेरी पाठवतात, मला न्यायला या म्हणून. संक्रांत आली. कुण्या बाईला माहेरी जायला रजा हवी असेल. त्याला घाई नाही, सणाच्या तोंडावर विचार म्हणजे झालं.

आधी माठ आण. चरखा बघ. आणि ते 'आणखी एक पाऊल' काय आहे? तू असं गुळगुळीत लिहितोस तेव्हा काहीतरी दडवलेलं असतं.

अक्का

⁕

हिंगोली, ता. १६ जानेवारी १९३७

अक्का,

आज जमील माझ्या टेबलावर एक डबा ठेवून गेला. "वाशीमहून अक्काबाईंनी दिलेत. तिळाचे लाडू." म्हणजे तो मागच्या आठवड्यात पट्ट्याचं चामडं आणायला वाशीमला गेला होता, तेव्हा तुझ्या घरी गेला. तू त्याला बसवलंस. मला एका ओळीने कळवलं नाहीस. त्याने तुला अक्काबाई म्हणावं! ते नाव मी ठेवलेलं आहे.

लाडू मी खाल्ले नाहीत. धनसिंग हमालाच्या पोरांना वाटले.

तुझं ऐकून मी सगळं केलं. नवे माठ आणले. तापणाऱ्या चरख्याचा रोलर बदलला. ओला कापूस आणणारी गाडी पकडली. का केलं ते कुणाला सांगितलं नाही, नुसतं केलं. आणि काय झालं माहीत आहे? दुपारच्या सुट्टीत पंचफुलाबाई काट्यावर जाऊन जमीलला म्हणाली, "जमीलभाई, तुमच्या तोंडाला गूळ. माठ आले." मी जिन्यावर उभा होतो. जमील म्हणाला, "अगं, मी न्हाई. साहेबांनी आणले." ती हसली, म्हणाली, "व्हय व्हय, साहेबांनी. साहेब तर आमाला ओळखत बी न्हाईत."

त्याने माझं नाव सांगितलं हे मला जास्त लागलं. त्याने श्रेय घेतलं असतं तर मला त्याचा नीट राग करता आला असता.

काठाच्या बाबतीत तू म्हणालीस तसं राहू दिलं. संक्रांतीला रजा मागायला कुणी आलं नाही.

आता ते पाऊल. लपवून काय उपयोग, तुझ्याकडे तो येऊन बसतोच आहे, तोच सांगेल. नाही, त्यालाही ठाऊक नाही. नाताळच्या सुमारास मी मालकांना लिहिलं, की जमील मजुरांना बिघडवतो, शिस्त मोडतो, त्याला काढावं. त्यातलं 'बिघडवतो' हे मी दोनदा तपासलं. सिद्ध करता येत नाही, तरी लिहिलं. मालकांचं उत्तर अजून नाही.

उकंडराव

⁕

वाशीम, ता. २२ जानेवारी १९३७

उकंडा,

लाडू पोरांनी खाल्ले हे बरं झालं. तुझ्या घशाला तीळ चालले नसते.

जमील आला होता, खरं आहे. मी कळवलं नाही, कारण तू असंच लिहिशील हे मला माहीत होतं. माझी चूक. तुला वाईट वाटेल म्हणून लपवणं आणि तुझ्यापासून लपवणं, यात फरक राहत नाही हे आता कळलं.

पण तो काय बोलला ते ऐक. मी त्याला सरळ विचारलं, "माझा भाऊ तुला छळतो का रे?"

म्हणाला, "न्हाई अक्काबाई. साहेब माणूस सच्चा आहे. तकलीफ एकच. साहेब ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा असा होतो, की पेपर तपासून राहिले. माणूस सांगता सांगता स्वतःचीच चूक शोधायला लागतो. मग गप होतो."

मी म्हणाले, "तुझ्यापुढे नाही होत?"

"माझ्यापुढे कोण घाबरंल? मला तर माझी अम्मा अजून कान धरून उठवते."

मग ज्येष्ठमधाची गोष्ट निघाली. रहमतबींनी दिला होता. काचेआड तू खोकताना त्याने पाहिलं, घरी सांगितलं, आईने आणून दिला. म्हटलं, हातात का नाही दिलास? तर म्हणे, "साहेबांनी हातातून घेतला नसता. हुकूम होता, पेटीत टाका. टाकला." वर काही लिहायला हवं होतं, एवढं शिकलेला तू, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "काय लिहू? खोकला आहे हे साहेबांना माहीत आहे."

या माणसाला तू काढायला निघाला आहेस. त्याचं बिऱ्हाड, म्हातारी आई, सगळं उचलून तो भर हंगामात कुठे जाईल? मालकांना दुसरं पत्र लिही. आजच्या टपालाने.

आणि आणखी एक. तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. काठाला गाठ होती असं तू लिहिलं नाहीस. माहेरच्या खुणेला गाठ मारतात, गाठीशिवाय ती खूण होत नाही. तू लिहिलंस, फाटका, आणि तेलाचा काळा डाग. लुगड्याला काळं तेल कुठे लागतं? मी वाचताना ते शब्द ओलांडून गेले. मला सगळं वाचता येतं असा मला गर्व झाला होता. उकंडा, हे पत्र मिळताच ज्या बाईचं लुगडं हिरव्या काठाचं आहे तिला शोध आणि विचार. पेटीतून नाही. तिच्यासमोर उभा राहून विचार.

अक्का

⁕

हिंगोली, ता. ६ फेब्रुवारी १९३७

अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मला मिळालं त्याच्या आदल्या दिवशी सगळं होऊन गेलं होतं. तू स्वतःला दोष देशील, म्हणून आधीच सांगतो, ती बाई जिवंत आहे. आणि तेलाचा डाग माझ्या टेबलावर होता, तुझ्या नाही.

पंचफुलाबाईचा पदर शाफ्टमध्ये गेला. सरकी ओढायला ती चरख्याखाली वाकली होती. तिथे शाफ्टवर फळी असते, ती केव्हाची निखळली होती. मी वर ऑफिसात होतो. काचेतून खाली पाहिलं तर सगळ्या बायांचे हात डोक्यावर, दोन्ही मनगटं एकमेकांत अडकवलेली. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज काही नाही, म्हणजे चरख्यांचा नेहमीचाच.

माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहितो. तो वगळला तर या पत्रातलं बाकीचं सगळं खोटं होईल. मला वाटलं, या जमीलला बोलावतायत; बोलवा, त्यालाच बोलवा.

एवढा वेळ मी तिथे उभा होतो. फार नाही. पण होतो.

जमील काट्यावर होता. तिथून आतलं दिसणार नाही असा माझा हिशेब होता, पण उघड्या दारातून त्याला वर गेलेले हात दिसले. तो आत आलाच नाही, सरळ इंजिनघराकडे धावला आणि तेलवाल्या सटवाजीबरोबर मुख्य पट्टा उतरवला. शाफ्ट थांबला. मी खाली पोचलो तेव्हा बाया लुगडं कापून तिला सोडवत होत्या. उजवा हात कोपराखाली मोडला आहे. डॉक्टर म्हणतात जुळेल, पण चरख्यावर बसता येईल की नाही हे सांगता येत नाही. तिच्या घरी कमावणारी तीच आहे. हंगाम संपेपर्यंत तिची मजुरी चालू राहील एवढं मी माझ्या अधिकारात केलं. त्यापुढचं ठाऊक नाही.

ती शुद्धीवर आल्यावर मी दवाखान्यात गेलो. खाटेशी उभा राहिलो. तिनेच सुरुवात केली.

"सायेब, तुमची पेटी बहिरी हाय का?"

मी खाटेच्या आणखी जवळ सरकलो.

"म्या टाकला व्हता की काठ. आधी बी एक डाव पदर गेला व्हता, निस्ता काठावर निभावलं. फळी न्हाई तिथं. तुमी म्हणलात लिहून टाका. मला लिहिता येतं काय? मंग जे फाटलं तेच टाकलं."

"जमीलला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. अक्का, या प्रश्नातही तोच हेवा होता, हे विचारून झाल्यावर कळलं.

"सांगितलं की. जमीलभाई म्हणले, माझ्या तोंडाला कुलूप हाय. चिठ्ठी लिहून टाकतो म्हणले." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "टाकली नव्हती का त्यांनी?"

टाकली होती. पेटीत आलेला तो एकमेव कागद. अक्षर जमीलचं आहे हे पाहून मी तो न उघडता फाडला होता. हे मी तुला कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. रोजनिशीतही लिहिलं नाही.

मी खाली बसलो. खाटेजवळ जमिनीवर. ती घाबरली, "अहो सायेब, उठा, कपडे खराब व्हतील." मी म्हणालो, "बाई, ते हात वर करून तुम्ही काय म्हणत होता सगळ्याजणी?"

"'थांबव' म्हणून राहिलो. इंजिन थांबव."

"मला दाखवा."

तिने डावा हात उचलला. उजवा फळकुटाला बांधलेला. जरा विचार केला आणि म्हणाली, "तुमचा हात द्या बरं." माझं मनगट तिने आपल्या मनगटात अडकवलं आणि दोन्ही वर धरले. "असं. बारा वरसं झाली, सायेब, तुमाला एवढं बी कोनी शिकवलं न्हाई?" शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मग पंचफुलाबाईही हसली, कळ येत होती तरी. आणि दाराकडे पाहून म्हणाली, "जमीलभाई न्हाई आले?"

मला पुन्हा टोचलं. तिथेसुद्धा. हा काटा एका दिवसात निघणार नाही, असं दिसतं.

फळी त्याच संध्याकाळी ठोकली, सगळ्या चरख्यांखाली तपासून. पेटी काढली. दुपारची सुट्टी झाली की मी ओळीतून चालतो. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सिंधूबाई म्हणून एक आहे, तिने विचारलं, "खोकला कमी हाय का?" काल चरखे चालू असताना आत गेलो, आणि हात पूर्ण थांबले नाहीत. मी ऐकताना चेहरा कसा ठेवतो ते आरशात पाहून आलो. जमील म्हणतो ते खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. चार दिवसांपूर्वी मालकांचं उत्तर आलं. माझी सूचना मान्य. महिनाअखेर जमीलला मोकळा करावा. मी त्याच टपालाने उलट लिहिलं, की माझी तक्रार खोटी होती, तिच्या मुळाशी हेवा होता, आणि एकालाच ठेवायचं असेल तर मला मोकळं करावं. अपघाताचंही जसं घडलं तसं कळवलं, चिठ्ठी फाडल्याच्या गोष्टीसकट. काल तार आली: दोघेही राहा, मी येतो आहे.

तेव्हा जमीलची नोकरी वाचली आहे, आणि ती जाणार होती हे त्याला ठाऊकच नाही. मालक येऊन काही बोलले नाहीत तर त्याला कधीच कळणार नाही. तो रोज सकाळी "आदाब साहेब" म्हणतो. आज म्हणाला, "अम्मा विचारून राहिली, साहेबांनी ज्येष्ठमध संपवला का? आणखी देऊ का?" मी म्हणालो, संपला. कांडी अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्या काठाच्या तुकड्याशेजारी. आता लिहिता लिहिता ती तोंडात धरली आहे.

हे सगळं कबूल करणारी चिठ्ठी मी त्याला लिहायला घेतली होती. तीन मजकूर झाले, तिन्ही चांगले उतरले. तिन्हीत मी फार प्रामाणिक माणूस वाटतो. फाडले.

पाकिटात आपट्याचं पान घातलं आहे. वाळलेलं आहे, झाडाखालून उचललं.

उद्या: भोंगा झाल्यावर जमीलच्या घरी जाणे, कागद बरोबर नेऊ नये.

उकंडा